फुलाबाईचं माहेर

एकोणीसशे ब्याऐंशी साल. कतारमधल्या दोहा शहरातल्या एका दवाखान्यात शैलजा नंबराची वाट पाहत मासिक चाळत होती. मागच्या बाकावरून दोन बायकांचं मराठी कानावर आलं आणि तिनं पान उलटायचं सोडून दिलं.

“विभावरी, तोंड का उतरलंय गं?”

“शेजारची अमेरिकन बाई! आयोवातल्या तिच्या काउंटीतून, म्हणजे आपला तालुकाच की, कागद आलेत. खापरपणजीचं नाव, माहेर, लग्नाची तारीख, सगळं! जत्रेत तिच्या लोणच्याला बक्षीस मिळालं, तेसुद्धा!”

“मग? तुझ्या वडिलांकडेही त्र्यंबकच्या उपाध्यांनी लिहिलेल्या चौदा पिढ्या आहेत ना!”

“चौदाच्या चौदा पुरुष! जसे काही झाडालाच लागले होते. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. वर मलाच विचारते, तुझ्या पणजीचं नाव काय?”

“काय सांगितलंस?”

“फुलाबाई.”

“अगं, ती तर तुझ्या माहेरची भांडीवाली!”

“ऐन वेळी तेवढंच तोंडात आलं. त्या अमेरिकन बाईनं लगेच लिहून घेतलं. आता भेटेल तेव्हा विचारते, फुलाबाईचं माहेर कुठलं?”

“दे ठोकून एखादं गाव.”

“ठोकीन गं. पण खरंच कुठलं असेल? इतकी वर्षं आमच्याकडे होती, कुणी विचारलंच नाही तिला.”