माळावर ताणलेलं निशाण

फसली सन १३५०, माघ वद्य पंचमी.

माझे नाव तातेराव वल्द किसनराव, वय पन्नासच्या आसपास, धंदा काश्तकारी, राहणार कुरुंदा, तालुका वसमत. ठाण्यात समक्ष हजर होऊन सांगतो ते असे. मला कोणी बोलावले नाही, मी आपल्या पायांनी आलो आहे. मी बोलेन तसेच लिहा, त्याची कचेरीची भाषा करू नका, असे मी सुरुवातीलाच म्हणालो. ठाण्याच्या अमीनसाहेबांनी कारकुनाला तसा हुकूम दिला.

तर लिहा. रूपसिंग वल्द सेवा, राहणार आमच्या शिवारातला तांडा, याला परवापासून तुम्ही इथं बसवून ठेवलं आहे. त्याच्या गाई आडव्या आल्या म्हणून विमान ओढ्यात गेलं, असं पंचनाम्यात आहे. पंचांनी तसं सांगितलं. तांड्याचा माणूस सापडला की पंचांना दुसरं काही दिसत नाही. ते साफ खोटं आहे. खरं काय ते मला ठाऊक आहे. पण ते गावात फुटलं तर माझ्या घरातली एक बाई जिवंतपणी मरेल. मी आजवर गप्प बसलो तो तेवढ्यासाठी, भीतीनं नाही.

मेला तो संतराम, माझ्या थोरल्या भावाचा एकुलता एक मुलगा. भाऊ प्लेगात गेला तेव्हा पोरगं रांगत होतं. माझी भावजय मनकर्णाबाई हिनं त्याला वाढवलं, आणि बापाच्या जागी मी होतो. हैदराबादेला शिकायला घातला तर तिथं त्यानं विमान चालवायच्या शाळेत नाव घातलं. आम्हाला विचारलंसुद्धा नाही. मी लई बोललो त्याला. म्हणालो, "घरची एवढी जमीन सोडून आता आभाळ नांगरतोस का रे?" तो खाली मान घालून हसत होता. वैनी मधे पडली. "नांगरू द्या की भाऊजी, तिथं दगड तर न्हाईत!" तिला त्याचं सगळंच गोड.

अमीनसाहेबांनी विचारलं की गावात विमान उतरवायला त्याला शाळेची परवानगी होती का. मला माहीत नाही. ते शाळेला विचारा. मला एवढंच माहीत आहे की त्याला आईला दाखवायचं होतं.

अमीनसाहेबांनी असंही विचारलं की विमान नीट उतरतं कशानं, इंजिनानं का वाऱ्यानं. मी नांगऱ्या माणूस, मला काय कळणार! पण दिवाळीला तो घरी आला तेव्हा मीही हेच विचारलं होतं. म्हणालो, बैल पळाले की गाडी पळते, तशी चाकं पळाली की हे उडतं का? आम्ही बांधावर बसलो होतो. समोरून म्हशी पाण्याला चालल्या होत्या आणि एकीच्या पाठीवर बगळा बसला होता. संतराम म्हणाला, "काका, त्या बगळ्याकडं बघा. म्हैस चालू द्या न्हाईतर उभी राहू द्या, त्याला काय त्याचं? त्याला वारा पाहिजे. वाऱ्याकडं तोंड करून उडतो, वाऱ्याकडं तोंड करून उतरतो. आमचं बी तसंच हाय. खालची जमीन हलो का राहो, विमानाचा समदा व्यवहार वाऱ्याशी." मी म्हणालो, "आन् वारा मागून आला तर?" तर म्हणाला, "मग उतरू नये. वरच्याला वाटतं आपण हळू चाललो, आन् खाली जमीन सुसाट पळत असती. टेकलं तरी थांबत न्हाई. उतारावर भरली गाडी सुटल्यावानी." वारा कुठला आहे हे वरून कसं कळतं, एवढं मात्र मी विचारलं नाही. नको तेवढे प्रश्न विचारतो मी, आणि पाहिजे तो राहिला.

माघ लागल्यावर नांदेडच्या एका सोयऱ्याबरोबर त्याचा निरोप आला. वद्य बीजेला सकाळी माळावर उतरतो, माळावरचे दगड वेचून घ्या, गुरं येऊ देऊ नका, आणि कडेला उंच काठीवर मोठं कापड लावा, मला वरून दिसलं पाहिजे. एवढाच निरोप. कापड काहून लावायचं ते त्यात नव्हतं. झेंडा म्हटलं की वारा कुणालाही कळतो, असं त्याला वाटलं असणार. आम्हाला वाटलं, गाव ओळखायला लागत असेल.

आता निशाणाचं लिहा. हे नीट लिहा.

कापड वैनीनं दिलं. तिचं लग्नातलं हिरवं लुगडं, रुंद पिवळ्या काठाचं. भाऊ गेल्यावर ते नेसणं बंद झालं, पण त्याचीच झोळी बांधून तिनं संतरामला झोपवलं होतं. काठी मी उभी केली. पहाटे वारा अगदी पडलेला होता, तर लुगडं काठीला चिकटून खाली लोंबलं. वैनीला ते बघवेना. "लेकरू पयल्यांदा आभाळातून घरी येऊन राहिलं, आन् निशाणानं अशी मान टाकलेली? उतरवा ते." आमच्या गावात देवाचं निशाण मिरवणुकीत कधी लोंबतं नेत नाहीत. बांबूच्या कामट्यांची चौकट करतात, कापड तिच्यावर ताणून शिवतात आणि चौकट काठीला गच्च बांधतात. वारा असो नसो, निशाण ताठ पाहिजे, मान टाकली की अपशकुन. वैनीनं तेच केलं. माळावर बसून दाभणानं शिवलं. मग आम्ही ते वर चढवलं आणि तिच्या सांगण्यावरून कापडाचं टोक गावाकडं, म्हणजे पूर्वेला केलं, घराकडं बोट दाखवल्यासारखं. मी सुतळीचे वेढे दिले. जरासुद्धा हलत नव्हतं.

एरवी माघात आमच्या शिवारात जागोजागी हळद शिजवायच्या कढया पेटलेल्या असतात आणि धूर कोसभर लांबून दिसतो. त्या दिवशी एकही कढई पेटली नाही, कारण सारं गाव माळावर होतं. बायांनी आरतीची ताटं आणली होती. दिवस कासराभर वर आला तसा वारा सुटला, चांगला जोराचा, पूर्वेचा. बायांचे पदर ओढ्याकडं उडत होते, म्हणजे पश्चिमेला. आणि निशाण उलटं, गावाकडं ताठ. ते मी या डोळ्यांनी पाहिलं. त्यात काही खटकलं नाही मला. उलट वैनीला म्हणालो, "बघा, कसं दिमाखात उभं हाय!"

विमान आलं. दोन घिरट्या घातल्या, खाली येऊन त्यानं हात हलवला. वैनी रडत होती आणि हसत होती. मग तो गावावरून वळला आणि पूर्वेकडून माळावर आला, ओढ्याकडं तोंड करून. वारा पश्चिमेचा आहे असं त्याला निशाण सांगत होतं, आणि तेही जोराचा. म्हणून तो त्या तोंडानं आला. त्यानं सगळं शिकवल्याप्रमाणे बराबर केलं, हे लिहा. पोरगं चुकलं नाही.

चाकं टेकली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. विमान एकदा उसळलं, पुन्हा टेकलं आणि पळतच राहिलं. आमच्या समोरून गेलं ते घोडं उधळल्यासारखं गेलं. शेपटीच्या फळ्या वरखाली होताना दिसल्या. मग इंजिन पुन्हा ओरडलं, तो परत वर उडायला बघत होता. पण वारा पाठीमागून, आणि माळ संपत आलेला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. बगळा आठवला. मी "वारा! वारा!" असं ओरडलो म्हणतात, मला ते आठवत नाही. विमान ओढ्याच्या काठावरून खाली गेलं आणि खडकावर नाकानं आदळलं.

रूपसिंगच्या गाई ओढ्याच्या पलीकडच्या काठाला होत्या. माळावर एकही नव्हती. विमान थांबत नाही हे पाहून तो घोंगडी हलवत अलीकडं धावत आला, ते पंचांनी पाहिलं आणि गाई हाकत होता असं सांगितलं. तो गाई हाकत नव्हता, तो संतरामकडं पळत होता. सर्वांच्या आधी तोच पोचला. संतरामच्या अंगावरचे चामड्याचे पट्टे त्यानं कोयत्यानं कापले आणि त्याला हातांवर बाहेर काढलं. रूपसिंगच्या अंगरख्यावरचं रक्त ते आहे. तुम्ही तो अंगरखा जप्त केला आहे, तर हेही त्याच्यासोबत लिहून ठेवा.

वैनी माळावरच शुद्ध हरपून पडली होती, तिच्यापाशी बाया थांबल्या. आम्ही संतरामला गाडीत घालून वसमतच्या दवाखान्याकडं निघालो. गाडी रूपसिंगनं हाकली, मागं मी पोराचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. दुसरं कोणी गाडीत नव्हतं. वाटेत त्यानं डोळे उघडले. म्हणाला, "काका, निशाण हललंच न्हाई." मी म्हणालो, "बोलू नको." तो म्हणाला, "कुणी बांधलं?" मी म्हणालो, "म्या." सुतळी माझ्या हातची होती, म्हणून ते सगळंच खोटं नव्हतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. "लुगड्याचा काठ वळखला म्या वरून," म्हणाला. "आईला यातलं काई सांगू नका." मी म्हणालो, "न्हाई सांगत." मग पाणी मागितलं. ते रूपसिंगनं गाडी थांबवून पाजलं. वसमतची वेस दिसायच्या आधी पोरगं गेलं. माझ्या मांडीवर गेलं. भाऊ गेला तेव्हाही मीच होतो आणि आताही मीच. काय नशीब आहे एकेकाचं!

दहन झाल्यावर रूपसिंगला ठाण्यात आणल्याचं कळलं. मी मनात म्हणालो, खोटं आहे ते, आपोआप सुटेल. काल त्याची बायको नानीबाई दारात आली. रडली नाही. म्हणाली, "मालक, मी भेटून आले. त्यानं निरोप दिला, मालकाला सांग, म्या कायबी बोललो न्हाई. मालक, असं काय बोलायचं व्हतं त्यानं?" तिला काही ठाऊक नव्हतं. मी आत गेलो आणि भिंतीला टेकून बसलो.

साहेब, गाडी तोच हाकत होता. त्यानं शब्द न् शब्द ऐकलेला आहे. "निशाण चुकलं" एवढं एक वाक्य बोलला असता तर तो त्याच दिवशी घरी गेला असता. संतरामला वचन मी दिलं होतं, त्यानं नाही. ना नात्याचा ना गोत्याचा, तांड्यावरचा गुराखी, आणि माझ्या भावजयीसाठी कोठडीत मुका बसला. आणि मी घरी माझ्या गादीवर. मग काय माणूस म्हणायचं मला? म्हणून आलो.

अमीनसाहेबांना मी म्हणालो, निशाण तातेरावनं केलं आणि तातेरावनं लावलं, एवढंच लिहा, बाईचं नाव घालू नका. ते म्हणाले, हे शपथेवरचं आहे, खरं तेच लिहावं लागेल, कमीजास्त करता येणार नाही. त्यांचंही बराबर आहे. मग मी म्हणालो, लिहा, पण हा कागद गावच्या चावडीवर वाचला जाऊ नये, आणि मनकर्णाबाईला यातलं काही विचारू नये. त्यांनी उठून दाराबाहेर ओट्याकडं पाहिलं. मग हो म्हणाले. रूपसिंगला आजच सोडतो असंही म्हणाले.

तिला विचारू नये, हे मी आजच सांगतो याला कारण आहे. ती इथंच आहे. नको म्हणालो तरी आली. "रूपसिंगानं माझं लेकरू हातावर काढलं, त्याच्यासाठी मी बोलते," म्हणाली, आणि गाडीत चढून बसली. बाहेर ओट्यावर नानीबाईजवळ बसली आहे. वाटेत माळ लागला तेव्हा काठीकडं बघून मला म्हणाली, "भाऊजी, त्यानं वरून पाहिलं असंल ना?" मी म्हणालो, "पाहिलं." "बराबर दिसलं असंल?" मी म्हणालो, "बराबर दिसलं, वैनी." ती म्हणाली, "तेवढं तरी झालं." आणि तोंडावर पदर घेऊन बसली. मी बैलांना हाकत राहिलो.

यापेक्षा जास्त मला काही सांगायचे नाही.

हा जबाब कारकुनाने दार लोटून घेऊन मला हळू आवाजात वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिहिला आहे आणि बराबर आहे. वाचणे चालू असताना भावजयीने बाहेरून आवाज दिला, "भाऊजी, निशाणाचं लिवलं का? माझ्या हातानं शिवलं म्हणून लिवायला सांगा." मी आतून "लिवलं" म्हणून सांगितले.

सही, तातेराव वल्द किसनराव.