पेवात कोण उतरणार?

मंडळी, जरा पुढं सरका, टाळ थांबवा! आज एकच विचारतो — खड्ड्यात पडलेल्या माणसाला काठावरून उपदेश केला, तर तो वर येतो का? नाही ना! मग त्याला काढायचं कुणी, अन् कसं?

तर ऐका! मिरजेकडल्या एका गावात दोन भाऊ — थोरला शांतवन, धाकटा तितस. दोघांचं एक पेव होतं. पेव म्हणजे जमिनीखालची ज्वारीची कोठी — तोंड एवढंसं, पोट हत्तीएवढं! आतली कोंडलेली हवा जीवघेणी. शांतवननं पेवाचं तोंड उघडलं अन् बजावलं, "तितस, आज हवा खेळू दे. उद्या कंदील सोडून बघू, विझला नाही तर उतरू. आज उतरलास तर मरशील बघ!"

सोपी आज्ञा! पण तितसच्या मनात किडा वळवळला — दादा मला का अडवतो? चांगली ज्वारी आधी स्वतः काढून घेणार! ज्यानं खांद्यावर घेऊन वाढवलं, त्याच्यावरच संशय! हसू नका. एदेन बागेत आपल्या आदिमायबापांनी दुसरं काय केलं? देवानं मना केलेलं फळ नंतर तोडलं, देवावर संशय आधी घेतला! अन् पकडल्यावर तो पहिला पुरुष काय म्हणाला? "बायकोनं दिलं!" — पुरुषांनो, ती सवय अजून गेली नाही आपली!

भर दुपारी तितस टोपली घेऊन उतरला. दोन श्वास घेतले — अन् ज्वारीवरच कोसळला!

त्याच्या बायकोनं हंबरडा फोडला, गाव जमलं. एक म्हणाला, "सांगितलेलं ऐकायला नको!" दुसरा म्हणाला, "लोभाचं फळ!" सगळं खरं हो! पण उतरतंय कोण?

शांतवन धावत आला. तोंडाला ओला पटका, कमरेला दोर! त्याची बायको मार्था आडवी आली — "आत काय आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, म्हणून तर मी जातो. भाऊ आहे माझा!"

उतरला! खाली आपल्या कमरेचा दोर सोडला, भावाच्या कमरेला बांधला, हिसका दिला. लोकांनी ओढलं — तितस वर आला! दोर पुन्हा खाली सोडला... तो कुणी धरलाच नाही.

म्हणा माझ्याबरोबर —

पडलो मी खोल खाली ।
प्रीती माझ्यापाठी आली ॥

तितस जगला, पण जेवेना! माती देऊन आल्यावर मार्थानं त्याच्यापुढं ताट ठेवलं. तो म्हणाला, "वहिनी, दादाला मी मारलं. मला शिव्या द्या, भाकर नको!"

मार्थाचे डोळे वाहत होते. म्हणाली, "भावजी, ते उतरले ते तुम्ही जगावं म्हणून. आता तुम्ही उपाशी मेलात, तर माझा माणूस फुकट गेला. खावा!"

तितसनं रडत रडत घास घेतला. ताट रिकामं होईस्तोवर ती माउली समोर बसून राहिली.

मंडळी, शांतवन माणूस होता, तो मातीत राहिला. आपला प्रभू येशू आपल्या पापाच्या पेवात उतरला, मेला, अन् तिसऱ्या दिवशी उठला! केवढे उपकार! अन् तुम्ही? "मी नालायक, मी पापी" करत ताटापुढं हात आखडून बसलाय! नालायक आहातच हो, मीही आहे — म्हणून तर तो उतरला! आता उचला घास, अन् आभार माना त्याचे!