बटणांखालचा जॅम

वहिनी : आणि भावजी, चमच्याच्या दांड्याने लॅपटॉपचं बटण उचकटायचं, हे कुठल्या कॉलेजात शिकवतात?

भावजी : वहिनी, हत्यार महत्त्वाचं नसतं. हात महत्त्वाचा.

वहिनी : त्याच हातांनी मागे मिक्सर दुरुस्त केला होतात. आता तो लावला की शेजारचे दार वाजवतात.

भावजी : चालतो ना पण? पंखा तेवढा बंद करा. ही बटणं उडाली तर शोधत बसावं लागेल.

वहिनी : केला. आता हात चालवा. सकाळपासून एंटर एकदा दाबलं की तिथेच रुतून बसतंय, आणि माझं भाषांतर भसाभस खाली पळतंय. आज पाठवायचंय ते. उद्या सकाळी तुमच्या दादांना रक्त तपासायला न्यायचंय.

भावजी : पुन्हा?

वहिनी : पुन्हा. या खेपेलाही साखर उतरली नसेल तर गुडघ्याचं ऑपरेशन तिसऱ्यांदा पुढे जाणार. तोवर जिना उतरायचा तो माझ्या खांद्यावर भार टाकून. माझे खांदे काय सरकारी पूल आहेत?

भावजी : उतरेल हो. घरात साखरेचा कणही ठेवला नाहीत तुम्ही.

वहिनी : नाहीच ठेवला. मीसुद्धा बिनसाखरेचा चहा पिते, डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन. तरी मागच्या वेळी आकडा वरच. डॉक्टर माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच यांना पाकात बुडवून आणलंय.

भावजी : वहिनी.

वहिनी : काय? मोडलंत?

भावजी : ही धूळ नाही. बोट लावून बघा.

वहिनी : चिकट आहे.

भावजी : आता वास घ्या.

वहिनी : स्ट्रॉबेरी!

भावजी : एंटरखाली जॅम, डिलीटखाली जॅम, बाणांच्या बटणांखाली क्रीमच्या बिस्किटाचा चुरा. फारच रसाळ भाषांतर चाललंय तुमचं.

वहिनी : मी लॅपटॉपजवळ पाण्याचा पेलासुद्धा ठेवत नाही. दुपारी मागच्या खोलीत बातम्या वाचायला कोण घेऊन बसतं हो?

भावजी : मी काही बोललो नाही.

वहिनी : बोलूही नका. हाक मारा तुमच्या दादांना.

(काठी टेकत दादा दारात येतो.)

दादा : झालं का दुरुस्त?

वहिनी : या, या. निदान झालंय, उपचार बाकी आहेत. बसा. काय म्हणतायत आजच्या बातम्या? स्ट्रॉबेरीचं पीक बरं आहे ना?

दादा : कसली स्ट्रॉबेरी?

भावजी : दादा, पुरावा माझ्या कापसाच्या काडीवर आहे.

दादा : एकदा... जरा चव बघितली.

वहिनी : जरा? अर्धा कीबोर्ड जेवलाय तुमच्या पंगतीला. आणि जॅमची बाटली आणली कुणी?

भावजी : वहिनी, ही काडी संपली, दुसरी देता?

वहिनी : भावजी!

भावजी : मी आणली. दादा म्हणाला, तिला हवाय, पण मागायला लाजते. ती एकटी असताना खाते, तू विषय काढू नकोस.

वहिनी : मी? लाजून? जॅम?

भावजी : मला वाटलं, बिनसाखरेच्या चहाचा परिणाम असेल.

वहिनी : धन्य! एकाने सांगायचं, दुसऱ्याने ऐकायचं. टाळ तेवढे हातात द्यायचे राहिलेत. पण अहो, तुम्हाला तर गोड आवडतच नाही. जन्मभर ताटातलं गोड माझ्याकडे सरकवत आलात. आत्ताच कसले डोहाळे लागले?

दादा : नाहीच आवडत.

वहिनी : मग?

दादा : तपासणी जवळ आली की खायचो. चमच्याने. नाक दाबून.

भावजी : म्हणजे साखर वर राहावी म्हणून? दादा, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? पायरी चढवत नाही तुला!

दादा : तू लहान होतास. आपले आबा चालत गेले होते आत, ऑपरेशनला. हसत हसत. मला म्हणाले, चपला सांभाळ.

भावजी : दादा...

दादा : सांभाळल्या. बाहेर कोणी मागायलाच आलं नाही.

वहिनी : हे सांगायला तोंड नव्हतं तुम्हाला? जॅम खायला बरं होतं!

दादा : तुला सांगितलं असतं तर तू निरूपण सुरू केलं असतंस.

वहिनी : केलंच असतं. पूर्वरंग, उत्तररंग, काही सोडलं नसतं. आणि ते संपेपर्यंत तुमचा हात धरून बसले असते, ते नाही सुचलं?

दादा : आज सकाळीही दोन चमचे झालेत.

वहिनी : होऊ देत. डॉक्टरांना मी फोन करते. म्हणते, माझ्या नवऱ्याला भीतीचा जॅम झालाय, उतरायला थोडे दिवस द्या. पण त्यानंतर जायचं. कबूल?

दादा : तू येशील आत?

वहिनी : आत सोडत नाहीत.

दादा : मग?

वहिनी : दाराशी बसेन. तुम्हाला बाहेर आणेपर्यंत तिथल्या सगळ्यांचं डोकं खाईन. तुम्हाला आतून ऐकू येईल.

दादा : गुंगीत असेन मी. कसं ऐकू येईल?

वहिनी : इतकी वर्षं झोपेतही येतंच ना?

दादा : ...येतं.