मराठीत माग, मग देतो

कंग्राळीच्या मंडळींनो, पाहुण्यांनो, परशरामबरोबर लेथवर काम केलेल्या सोबत्यांनो, कामधंदा सोडून आलासा. बसा. मागं उभे आहेत त्यांनीही बसा. मास्तर हाय, बोलेल, म्हणून मला पुढं केलंय. उभी हयात मराठी शाळेत बोललो. आज जीभ उचलत न्हाय. माझा धाकटा भाऊ गेलाय. आणि खरं सांगू? मी लई थकलोय.

दीड वर्षापूर्वी परशराम गाडीवरनं पडला. रस्त्यावर वाळू होती, गाडी घसरली. हेल्मेट हँडलला अडकवलेलं. हात धड, पाय धड, पण डोक्यात आत रक्तस्राव. ऑपरेशन झालं, महिन्याभरानं चालत घरी आला. तुम्ही बघायला आलासा. 'मास्तर, लई बरा दिसतोय की!' म्हणालासा. मीही मान हलवली. दिसत होताच की हो बरा.

पण तोंडातनं मराठी येईना. येत होती ती कन्नड. तीस वर्षं गोकाककडच्या कामगारांबरोबर कारखान्यात काढलेली, तेवढी शाबूत राहिली. बायकोला सुमन म्हणता येईना. 'बा, बा' म्हणून बोलवायचा. म्हणजे ये, ये. ती बिचारी हातातलं काम टाकून यायची.

आणि आपण? आपण सीमाभागातली माणसं. आपल्याला भाषा लगेच झोंबते. कट्ट्यावर कुणीतरी म्हणालं, 'काय रं परशराम, पार्टी बदललास व्हय?' सगळे हसलासा. तोही हसला. समोरचे हसतात, एवढं कळत होतं त्याला. मग चिडायला लागला. कधी आवाज न चढवणारा माणूस, ताट फेकू लागला. लोक म्हणाले, पितोय. अहो, थेंबाला शिवला न्हवता तो! मेंदूला मार लागला की स्वभावसुद्धा बदलतो, हे कुणाला ठाऊक होतं? मला तरी कुठं होतं?

तुम्हाला कशाला बोल लावू? माझंच सांगतो. एका दुपारी तो पेला घेऊन माझ्यापुढं आला. 'नीर' म्हणाला. नीर म्हणजे पाणी, इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मी म्हणालो, 'पाणी म्हण. मराठीत माग, मग देतो.' मला वाटलं, सराव होईल. मास्तरकीची खोड, दुसरं काय! तो ओठ हलवत राहिला. 'प... प...' कपाळावर घाम फुटला. 'म्हण की रं!' मी ओरडलो. त्यानं पेला खाली ठेवला, परसात गेला आणि नळाला तोंड लावून पाणी प्याला. सख्ख्या भावाला मी पाण्यासाठी अडवलं. अडवलं हो मी.

पुढं कितीतरी महिन्यांनी बेळगावात एक बाई भेटल्या, बोलायला शिकवणाऱ्या. त्या म्हणाल्या, 'मास्तर, ते सोंग करत नाहीत. शब्द आत आहेत, बाहेर यायची वाट मोडलीय. ज्या भाषेत मागतील त्या भाषेत द्या.' मी विचारलं, 'हे आधी का न्हाय सांगितलं कुणी?' त्या म्हणाल्या, 'आधी तुम्ही आणलंच नाहीत.' खरं होतं. आम्ही अंगारे लावत बसलो होतो.

त्या दिवसापासनं मी त्याच्याशी कन्नडात बोलू लागलो. पण तोवर त्यानं उंबऱ्याबाहेर पडणं सोडलं होतं. नंतर आकडी येऊ लागली. मंगळवारी सकाळी आली, त्यातनं तो उठला न्हाय.

मंडळींनो, असा परशराम एकटा न्हाय. कुणाचा पोरगा गच्चीवरनं पडलाय, कुणाच्या आईला अर्धांगवायू झालाय. ती माणसं वेडी न्हाईत, प्यालेली न्हाईत. चालतात, जेवतात म्हणून बरी झाली असं समजू नका. डॉक्टरांना विचारा. पुन्हा पुन्हा विचारा. आणि त्यांना कट्ट्यावर जागा द्या. एवढंच मागतो.

आता उभे राहूया. एक शब्द सापडायला परशरामला कधीकधी दोन मिनिटं लागायची. आपण थांबलो न्हाय. मधेच बोललो, हसलो, उठून गेलो. आज थांबा. दोन मिनिटं, कुणीही काही बोलू नका.