खिळ्यावरचा टंबलर

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या मराठी मंडळाचे प्रमुख श्रीमान बालकृष्णराव, प्रमुख पाहुण्या डॉक्टर लक्ष्मीप्रियाबाई, मंचावर माझ्या डाव्या-उजव्या हाताला बसलेली मान्यवर मंडळी, आणि कुंभकोणमच्या गल्ल्यागल्ल्यांतून, स्वामीमलैहून, गोविंदपुरमहून आलेल्या आयाबाया, सुना, लेकी, जावई आणि पुरुषमंडळी, तुम्हां सर्वांना या अंबुजाबाईचा नमस्कार. चेहरे मला आता नीट दिसत नाहीत, पण खुर्चीत बसताना कोण कसं कण्हलं, त्यावरून माणूस कळतं. तिसऱ्या ओळीतली डावी कंबर मी ओळखली. तिलाही नमस्कार.

आधी एक खुलासा करते. मला अक्षर येत नाही. हे भाषण मी सांगितलंय, माझ्या नातीनं, पवित्रानं, लिहून घेतलंय, आणि माझा आवाज पहिल्या ओळीपलीकडे पोचत नाही म्हणून वाचतेयही तीच. मी शेजारी बसलेय. सगळं मला पाठ आहे. तिनं लाजून एखादं वाक्य गाळलं, तर माझी काठी तिच्या पावलावर पडेल. पवित्रा, हेही वाच.

आजचा समारंभ कशासाठी? पत्रिकेत काय छापलंय ते तुम्ही वाचलंत, मी ऐकलं. ‘ज्येष्ठ समाजसेविका श्रीमती अंबुजाबाई यांचा कृतज्ञता सोहळा.’ पवित्रानं वाचून दाखवलं तेव्हा मी विचारलं, “ही कोण गं बाई? आपल्या ओळखीची आहे का?”

मी तेल चोळते. चोवीस वर्षांची होते, नवरा गेला, तेव्हापासून बावन्न वर्षं मी या गावात तान्ह्यांना, बाळंतिणींना, म्हाताऱ्याकोताऱ्यांना तेल लावून अंग रगडते. समाजाची सेवा मी कधी केली, ते मला ठाऊक नाही. समाजाच्या पोटऱ्या मात्र चोळल्यात. तेवढं छापायला शाई पुरली नाही का? की छापताना कुणाच्या तरी तोंडाला पाणी सुटलं, ते मळमळीच्या वेळी सुटतं तसलं?

गोड बोलायच्या जागी असं बोलते, म्हणून रागावू नका. मला किळस येते, ती कसली ते एकदा सांगून मग मी घरी जाईन.

काम मला सासूनं शिकवलं. तेल तिळाचं, कोमट, आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायचं. सुरुवात तळपायापासून. पहिला हात टाकल्यावर गप्प बसायचं, कारण अंग बोलायला लागतं आणि आपण बडबडलो तर ते ऐकू येत नाही. कुठं गाठ आहे, कुठं भीती बसलीय, कुठल्या सुनेला दोन दिवस कुणी जेवलीस का म्हणून विचारलेलं नाही, सगळं अंगठ्याला कळतं. माझ्या डोक्यावर कधी मालक नव्हता. ज्या घरी जायचं त्या घरी मी गेले, जिथं नको वाटलं तिथं नाही गेले. स्वामीमलैचे मूर्तिकार सुब्रह्मण्य समोर बसलेत. मूर्तींना कानस मारून मारून त्यांचा उजवा खांदा धरला, हात कानापर्यंत जाईना. मी त्यांच्या बायकोचा तळवा त्या खांद्यावर ठेवला, वर माझा तळवा ठेवला, आणि एकवीस दिवस तिला शिकवलं. बाविसाव्या दिवशी ते मला म्हणाले, “मामी, हातोडा उचलला.” असं ऐकल्यावर घरी जाऊन मी जेवले की झोप कशी लागते, ते गादीवाल्यालाही कळायचं नाही.

प्रमुख पाहुण्या, डॉक्टरीणबाई, तुमचं नाक आज हॉलमधल्या सगळ्या बायका बघतायत. ते जन्मतः असं नव्हतं. चाळीस दिवस चिमटीत धरून मी ते सरळ केलंय. आणि बालकृष्णराव, तुमच्या लेकाचं, कृष्णप्रसादचं, डोकं एका बाजूनं चपटं होतं. गोल मी केलं. आत काय भरायचं, ते काम तुमचं होतं.

हसलात ना? बरं झालं. आता पुढचं ऐका.

बावन्न वर्षांत या हातांनी काय नाही पाहिलं? बाळंतिणीचा तो दहा दिवसांचा वास, आंबलेलं दूध, ओकारी, तान्ह्याची हिरवी शी, म्हाताऱ्यांच्या टाचांच्या भेगा, पाठीवर पिकलेली गळवं. एकदाही नाक मुरडलं नाही. अंग आहे ते, घाण करणारच. सकाळी न्हायलं की गेली घाण. बोट लावावंसं वाटलं नाही असं मी एकच भांडं पाहिलंय, आणि ते अगदी स्वच्छ घासलेलं होतं.

आपल्या लोकांची रीत तुम्हांला मी काय सांगावी? बाळंतपणाचं सोयर दहा दिवस. त्या दहा दिवसांत बाळंतिणीला शिवणारी बाईही शिवायची नाही. म्हणून तेलवालीचा कापी प्यायचा टंबलर वेगळा. मागच्या दारी विहिरीपाशी खिळ्याला अडकवलेला असतो. काम झालं की मी तो काढायचा, विसळायचा, पुढं धरायचा, आणि घरची बाई हातभर उंचीवरून फिल्टरची कापी ओतणार. एक थेंब मनगटावर पडायचाच. दहा दिवस, म्हटलं, ठीक आहे. रीत आहे, पाळू. पण अकराव्या दिवशी सोयर फिटलं, बाळ बारशाला पाळण्यात गेलं, बाळंतीण देवघरात गेली, मांजरही स्वयंपाकघरात गेलं. टंबलर काही खिळ्यावरून उतरला नाही. बावन्न वर्षं उतरला नाही. मी तुमच्याच जातीची, तुमच्याच विठ्ठलाची, भजनाच्या वेळी माझा आवाज तुम्हांला हवा असतो. “मामींच्या हाताला गुण आहे हो,” असं म्हणत मीच लावलेलं तेल अंगावर जिरवत तुम्ही मला उंचावरून कापी ओतलीत. याची मला शिसारी येते. तेव्हाही यायची. घोटाबरोबर गिळायचे.

आता म्हणाल, मामी, जुनं उकरून काय काढता? जुनं असतं तर मी गप्प बसले असते.

पवित्रानं दोन वर्षं मालिशचं रीतसर शिक्षण घेतलं. हाडं किती, स्नायू कुठले, सगळं चित्रांवरून शिकली. मग इथून जवळच एका मोठ्या रिसॉर्टात नोकरीला लागली. थंडगार खोली, पांढरे पंचे, पाण्यात फुलं. तिथं एक पाहुणा पालथा पडल्या पडल्या तिला म्हणाला, “दार लावून घे ना.” आणि हसला. ते हसू तुम्हांला माहीत आहे. मसाज हा शब्द उच्चारला की या हॉलमधल्याही काही मिशांखाली ते येतं. आत्ताही आलं असेल, पुसून टाका. पवित्रानं तेलाची बाटली उचलली, त्याच्या उंची बुटांत शेवटच्या थेंबापर्यंत ओतली आणि दार सताड उघडं टाकून बाहेर आली. व्यवस्थापक म्हणाला, “माफी माग.” ती म्हणाली, “कुणाची? बुटांची?” आणि घरी आली. गेली तीन वर्षं ती माझ्याबरोबर येते. माझे अंगठे आता वळत नाहीत. हल्ली तुम्ही ज्या हाताचा गुण सांगता, तो तिचा आहे.

मागच्या महिन्यात बालकृष्णराव आमच्या घरी आले. आल्या आल्या खुर्ची रुमालानं पुसली. मी म्हटलं, तेल नाही लागायचं, बसा.

ते म्हणाले, “मामी, मंडळानं तुमचा सत्कार करायचं ठरवलंय. पण तुम्हीही दोन शब्द बोला, की आता हे काम आमच्या घरात बंद झालं.”

“का?”

“शोभत नाही हो. पवित्राचं लग्न व्हायचंय. लोक विचारतात, मुलगी काय करते? काय सांगायचं? तिला मी माझ्या रेशमाच्या दुकानात बसवतो. एसी आहे.”

“तिथं ती काय करणार?”

“आलेल्या माणसाला या, बसा म्हणायचं.”

“इथं ती आलेल्या माणसाला उठा, चाला म्हणते. ते ऐकतात पण.”

बालकृष्णराव हसले. माणूस वाईट नाही, त्यांची पाठ मी ओळखते. पण कापी आली तेव्हा म्हणाले, “नको, आत्ताच घेतली.” पवित्रानं टंबलर परत नेला. आत जाऊन तिनं ती कापी मोरीत ओतली, त्याचा आवाज मला आला. त्यांनाही आला असावा.

यानंतर तिसऱ्या दिवशी कोण आलं सांगू? बालकृष्णरावांच्या सौभाग्यवती, विजयलक्ष्मी. आमच्या मागच्या दारानं. आमच्या घराला मागचं दार आहे हे मीसुद्धा विसरले होते. म्हणाल्या, “मामी, आमच्या सुनेला, वरलक्ष्मीला, नववा लागलाय. पवित्राला चाळीस दिवस पाठवाल ना? तिच्यासारखा हात नाही कुणाचा. फक्त मागच्या बाजूनं येऊ दे. यांनी मंडळात सांगितलंय ना, की काम बंद होणार म्हणून.”

ऐकलंत? नवरा पुढच्या दारानं येऊन काम बंद करा म्हणतो, बायको मागच्या दारानं येऊन काम मागते, आणि दोघं संध्याकाळी एकाच झोपाळ्यावर बसतात. विजयलक्ष्मी, मान खाली घालू नकोस. तुझी मान आधीच आखडलेली आहे, आणखी दुखेल.

विजयलक्ष्मी गेल्यावर पवित्रा म्हणाली, “आजी, मी दुकानात जाते.”

मी म्हटलं, “तुला साड्यांची आवड कधीपासून?”

“आवड नाही. काम मला आवडतं, आजी. पण मागच्या दारांचा वीट आला. तू बावन्न वर्षं गिळलंस, माझ्या घशाखाली नाही उतरत.”

तिला मी काय सांगणार होते? मीच तो टंबलर दर वेळी खिळ्यावरून काढला, विसळला आणि पुढं धरला. एकदाही म्हटलं नाही, की बाई, आज तुझ्या टंबलरात ओत. मी म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तुमच्या घरून मला बोलावणं आलं असतं का, डॉक्टरीणबाई? तुमच्या आईनं बोलावलंच असतं हो, तुमचं नाक वाकडं होतं. इतकं साधं मला तेव्हा कळलं नाही. तुमची मला जेवढी किळस येते, त्यातला एक वाटा माझ्या स्वतःच्या ताटात वाढून घेते.

पवित्रा म्हणाली, “समारंभ होऊ दे, मग काय ते ठरवते.” म्हणजे तिनं अजून ठरवलेलं नाही. दुकान की तेल, हे मला माहीत नाही. मी तिच्यावर जोर करणार नाही. जोर कुठं लावायचा आणि कुठं नाही, एवढंच तर मला येतं.

आता आजच्या भेटवस्तूविषयी. मंचावर त्या लाल कागदात काय आहे ते गुपित आहे म्हणे. भांड्यांच्या दुकानदाराच्या आईचे गुडघे आमच्याकडे असतात, गुपित राहील कसं? आत पितळेचा टंबलर आहे, त्यावर माझं नाव कोरलंय. मंडळींनो, खरं सांगा, निवडताना कुणाच्याच काही लक्षात आलं नाही? वेगळा टंबलर, आणि आता तर नावासकट! म्हणजे चुकूनसुद्धा दुसऱ्या कुणाच्या ओठाला लागायला नको. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी इतकी हसले, की पवित्राला पाणी आणावं लागलं. तो घ्यायचा की परत करायचा, हे मला अजून सुचलेलं नाही.

बोलणं लांबलं. आभार मानते. हॉल देणाऱ्यांचे, हार आणणाऱ्यांचे, आणि ज्यांनी स्वतःचं पहिलंवहिलं नागडं लेकरू माझ्या पसरलेल्या पायांवर निर्धास्त ठेवलं त्या सगळ्या आयांचे. तेवढा विश्वास राजालाही मिळत नसेल. वरलक्ष्मी, तू तिसऱ्या महिन्यापासून पायाला तेल लावतेस ना? लावत जा. अध्यक्षमहाराज, सभेच्या मानाला न शोभणारं या तोंडून काही गेलं असेल, तर म्हातारीची जीभ म्हणून पोटात घाला. खरं गेलं असेल तर पोटात घालू नका, तिथं ते पचायचं नाही.

एक राहिलं. हे सगळं सांगून झालं तेव्हा पवित्रा म्हणाली, “आजी, शेवटी माझी दोन वाक्यं घालू?” मी म्हटलं, घाल. तिनं लिहिलं, कागद मिटला. काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही आणि तिनं सांगितलेलं नाही. तेव्हा इथून पुढं मीही तुमच्यातलीच. पवित्रा, वाच.

“वरलक्ष्मीवहिनी, मी येईन, पुढच्या दारानं, आणि कापी तुमच्या घरातल्या टंबलरात घेईन, हे चालणार असेल तर आत्ता इथं हात वर करा, नसेल तर दुसरं कुणी बघा. आणि आजीचा तो पितळेचा टंबलर परत घेऊ नका, मला हवा आहे, तेल कोमट करायला पितळ चांगलं.”