संरक्षक पोशाख क्रमांक दोन

विषय : सेवापुस्तकातील शेरा काढून टाकण्याबाबत. संदर्भ : प्लेगच्या संशयित रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालताना संरक्षक पोशाख क्रमांक दोन निकामी झाल्याचे प्रकरण, ऑक्टोबर १९९४ — व्हय, तोंडपाठ झालंय, दोन वर्षं दर सोमवारी याच बाकावर बसतोय — सरका थोडं. तुमचं काय, बदली? मग टेका निवांत, साहेब चहाला गेलेत. मी सांडू पुंजाराम, दवाखान्याच्या भांडारातला वरिष्ठ लिपिक. या तीस तारखेला निवृत्त होतोय, त्याच्या आत तो शेरा निघाला पाहिजे. एकतीस वर्षांत एकच शेरा, तोही ‘निष्काळजीपणा’ — मला! ज्यानं आजवर टाचणीसुद्धा सहीशिवाय दिली नाही, त्याला!

ते सालच तसलं होतं बघा. जानेवारीत विद्यापीठाचं नाव बदललं, चौकाचौकात पोलीस. ते जरा निवतंय तोवर प्लेग. सुरतेत माणसं मेली, बीडकडं उंदीर पडले, आणि गुलमंडीत जो तो दरोडेखोरासारखं तोंड बांधून भाजी घ्यायला निघाला. आमच्याकडं औषधं होती, पण अंगावर घालायला काय? तर वाळूजच्या एका कारखान्यानं गाड्यांना रंग फवारायचे तीन पोशाख दिले — पांढरे, डोक्यावर टोप, तोंडापुढं काच. मी फौरन नोंदवहीत चढवले आणि छातीवर क्रमांक टाकले. आमचे भूल देणारे डॉक्टर पुंडलिक म्हणले, सांडूभाऊ, क्रमांक कशाला, नावं लिहा, आत कोण कोणाला ओळखणार? मी म्हणलं, साहेब, माणसांच्या बदल्या होतात, क्रमांक जागेवर राहतो. बरोबर आहे का नाही?

मग एका दुपारी सोनाजी आला — आला म्हणजे टेम्पोतून आणला. धनगर माणूस, अजिंठ्याकडचा, मेंढरं घेऊन मुकुंदवाडी स्टेशनाच्या मागं उतरलेला. मानेवर ह्या एवढाल्या गाठी, ओठ वांग्यासारखे सुजलेले, घशातून नुसती शिट्टी. गाठी बघितल्या आणि कोणीतरी वरडलं, प्लेग! अर्ध्या मिनिटात वऱ्हांडा मोकळा — लंगडा पेशंटसुद्धा पळाला, कुबड्या तिथंच टाकून. डॉक्टर म्हणले, घसा बंद होतोय, नळी घालावी लागंल, पोशाख आणा! आणले. पण मला सांगा, सही नको का? आता दोन-दोन हातमोजे घातलेल्या माणसाला पेन धरता येईना, तीनदा पडलं, त्यात माझा काय दोष? — किती वेळ गेला? असंल, दोन मिनिटं. तीन धरा. तेवढ्यात सोनाजीची शिट्टी बारीक झाली, ते खरंय.

पुढं जे झालं ते दारात उभं राहून मी डोळ्यांनी पाहिलंय. क्रमांक एक म्हणजे डॉक्टरांचा मदतनीस, दोन म्हणजे डॉक्टर, तीन म्हणजे गीताबाई सिस्टर — पण टोप घातल्यावर तिघं सारखेच, पिठाच्या पोत्यासारखे. काचांवर वाफ धरली. डॉक्टर वरडले, ‘दिवा वर धर!’ — गीताबाईनं नळी पुढं केली. ‘नळी दे!’ — मदतनिसानं त्यांचाच हात धरला. चालताना पोशाखाचा असा खरखर आवाज, की कोणाचं बोलणं कोणाला कळंना. पहिल्यांदा नळी घातली ती अन्ननळीत. हवा मारली, सोनाजीचं पोट ढोलकीसारखं वर. दुसऱ्यांदा परत तेच. ओठ निळे पडले गड्याचे.

आणि ह्या सगळ्यात त्याची बायको, म्हाळसाबाई, दारात माझ्यापुढं उभी, नवऱ्याची घोंगडी कवटाळून, सारखी सांगतेय — सांगतेय म्हणजे… आता तुम्ही सरकारी माणूस, तुम्हाला कळंल म्हणून सांगतो, आत बोलू नका. ती म्हणत होती, ‘दादा, माशा चावल्या वं त्याला, आग्या माशा! पाण्याच्या टाकीखालचं मोहोळ उठलं!’ आतल्या तिघांना टोपामुळं ऐकू येईना. मला येत होतं. मला टोप नव्हता ना. मी काय म्हणलो? — अहो सवय! एकतीस वर्षांची सवय! मी म्हणलो, ‘बाई, लेखी द्या.’

असं बघितलं तिनं माझ्याकडं! म्हणली, ‘मेल्या, तो जातोय आणि तुला कागद सुचतोय? हे घे लेखी!’ आणि घोंगडी झटकली माझ्या तोंडावर. त्यातनं एक आग्या माशी निघाली, जिवंत. मी खाली बसलो. माशी माझ्यावरनं गेली ती सरळ क्रमांक दोनच्या गळ्याशी, सैल बंदातनं टोपाच्या आत. त्यानंतर डॉक्टर पुंडलिक जे नाचले! टोप फाडला, काच फोडली, पोशाख बेंबीपर्यंत टरकावला, भुवईवर डंख, एक डोळा बंद — आणि उघड्या तोंडानं, त्या एका डोळ्यानं वाकून बघितलं, गड्यानं एका फटक्यात नळी बरोबर श्वासनलिकेत घातली! छाती हलली. सोनाजीची छाती हलली, राव. डॉक्टरांनी आपली भुवई चाचपली, मग त्याच्या गाठी चाचपल्या, आणि म्हणले, ‘अरे, ह्या तर डंखाच्या गाठी. बाई, आधी का नाही सांगितलं?’ म्हाळसाबाईनं नुसतं माझ्याकडं बोट केलं.

सुजेवरची इंजेक्शनं दिली, चौथ्या दिवशी सोनाजी चालत मेंढरांकडं गेला. जाताना मला रामराम केला. बाईनं नाय केला.

चौकशी लागली ती पोशाखाची. भांडारानं घोंगडी वेळीच ताब्यात घेतली नाही, म्हणून निष्काळजीपणा. मी अर्जाला मेलेली माशी पाकिटात घालून जोडलीय, परिशिष्ट अ. चौकशीच्या साहेबांनी एकच विचारलं, ‘त्या बाईनं तुम्हाला आधी काही सांगितलं होतं का?’ मी म्हणलो, लेखी काही नाही. — खोटं नाही ना ते? सांगा की. असे काय बघता? डॉक्टर पुंडलिकांना माहीत आहे, पण ते बोलले नाहीत. भुवई चोळत बसले. ते बोलले असते तर बरं झालं असतं, असं वाटतं कधी कधी. म्हणजे… जाऊ द्या.

विद्यापीठाच्या नावाला सोळा वर्षं लागली, लोकांची घरं गेली, जीव गेले. माझी तर दोनच झाली, मी कशाला कुरकुरू? — हां, तुमचं नाव पुकारलं बघा. जा, जा. आणि माझं काही काढू नका आत. माझा अर्ज आवक क्रमांक आठशे सदुसष्ट, टेबल क्रमांक चार, अद्याप प्रलंबित आहे.