माळावरचा मोजा

ऑपरेशन थिएटरबाहेर माझ्या मागच्या बाकावर नवरा-बायको बसले होते.

"अहो, एका पायात मोजाच नाही!"

"तो माळावर आहे. झाडाला घातलाय."

"झाडाला?"

"ते जांभळं रानफूल गं. पाकळीच्या बुडाशी पिवळा ठिपका, पान चुरगळलं की लिंबाचा वास. तेच ते, वीस वर्षांनी सापडलं. शेंग तडकली की बी उडून जातं, आता मोज्यात पडेल."

"धन्य आहे तुमची!"

"मी टेबलावरून उठलो नाही, तर तू काढून आण. अर्धं बी मात्र माळालाच ठेव."

"शेंग कधी तडकणार?"

"दहा-बारा दिवसांत."

"डॉक्टर तुम्हाला आठव्या दिवशी घरी सोडतायत. तुमचा मोजा तुम्हीच आणायचा. आणि हा दुसरा काढा, धुऊन ठेवते."